मदत हवी आहे: स्टेंटच्या कोटिंगची रक्तचाचणी पुण्यात कुठे होईल?

नमस्कार मंडळी. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर, म्हणजे अ‍ॅन्युरिझमवर, बसवायच्या नायटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) स्टेंटला, म्हणजे तारेच्या जाळीदार नळीला, आम्ही फॉस्फोरिलकोलीनचं, म्हणजे पेशींच्या आवरणात असतो तशा पदार्थाचं, कोटिंग देतोय. वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकातली पेशींवरची चाचणी, आयएसओ १०९९३-५, झाली. अडलंय ते १०९९३-४ वर, म्हणजे रक्तावरच्या चाचणीवर. ताजं मानवी रक्त ३७ अंशांवर नळीतून फिरवायचं आणि तारेवर प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या कणिका) किती चिकटतात ते पाहायचं. मागच्या खेपेला औंधहून हडपसरला रक्त यायलाच दोन तास गेले. साध्या तारेत नि कोटिंगच्या तारेत फरकच दिसेना.

रक्तदाते आणि चाचणी एकाच छताखाली, शिवाय एथिक्स कमिटीची मंजुरी, अशी लॅब कुणाच्या माहितीत आहे का? रक्त गोठू नये म्हणून हेपरिन किती घालता तेही सांगा, जास्त झालं की फरक झाकला जातो. स्टेंटनंतर पेशंटला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. तो भार हलका व्हावा, एवढ्यासाठीच ही धडपड आहे.