पहिलंच फोम आर्मर करतेय (मास इफेक्टची कमांडर शेपर्ड), सल्ला हवा

निळीशाई (धागाकर्ती)
मंडळी, मदत हवी आहे. यंदाच्या मुंबई कॉमिक कॉनला (कॉमिक्स-गेम्सच्या चाहत्यांचा मेळावा, तिथे लोक पात्रांचे वेश करून येतात) मला मास इफेक्ट या व्हिडिओ गेममधली नायिका कमांडर शेपर्ड व्हायचंय. २०२१ मध्ये गेमच्या तिन्ही भागांची एकत्र लिजंडरी एडिशन आली तेव्हा आमची बारावीची परीक्षा होणार की नाही हेच कळत नव्हतं. त्या दिवसांत मी तिन्ही भाग सलग खेळले. पहिल्या भागात आपण कोणाला वाचवलं, ते तिसऱ्या भागापर्यंत आपल्याबरोबर येतं, त्यामुळे ती शेपर्ड माझीच आहे असं वाटतं.

करायचंय ते तिचं काळं एन७ आर्मर, म्हणजे चिलखत, उजव्या हातावर लाल पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. शिवण येते, घरी मशीन आहे. फोमला मात्र अजून हात लावलेला नाही. हातात दहा आठवडे आणि पाच हजार रुपये आहेत. फोम कुठला, किती जाडीचा? नाशिकात मिळेल का? आणि पॅटर्न नेटवरून घेऊ की स्वतः काढू?

सुतारपक्षी
आधी एक विनंती: फोम इतक्यात घेऊ नकोस. पहिले दोन आठवडे फक्त कागदावर घालव. मी आजवर चार आर्मर केली. पहिलं बिघडलं ते मापामुळे, रंग आणि कापणी दोन्ही चांगली झाली होती.

नेटवरचे बरेच पॅटर्न गेममधल्या मॉडेलवरून काढलेले असतात. त्या मॉडेलला श्वास घ्यायचा नसतो, खाली बसायचं नसतं. त्यापेक्षा जुना टीशर्ट घाल, त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळ आणि वरून मास्किंग टेपचे दोन थर कोणाकडून तरी लावून घे. त्या टेपवरच स्केचपेनने आर्मरच्या रेषा काढ. जोडांवर आडव्या खुणा कर, म्हणजे नंतर कुठला तुकडा कुठे बसतो ते कळेल. मग मैत्रिणीला पाठीमागून कापायला सांग आणि तुकडे कार्डशीटवर उतरवून घे. तुला ब्लाउजचे टक्स घालता येत असतील तर छातीचा भाग तुला आमच्यापेक्षा चांगला जमेल, कारण तत्त्व तेच आहे.

कार्डशीटचं आर्मर टेपने जोडून अंगावर घाल. उकिडवी बस, जिना चढ, हात डोक्यावर ने. काखेत आणि कोपरात टोचलं तर तिथे कापून टाक. हे सगळं झालं की मगच फोम.

निळीशाई
बापरे, मी आज ऑर्डर देणार होते! थांबते. पण जाडीचं सांगाच, म्हणजे पैशाचा अंदाज येईल.

सुतारपक्षी
छाती, पाठ, खांदे १० मिमी. हात आणि मांड्या ५ किंवा ६ मिमी. वरून चिकटवायच्या पट्ट्या आणि बारकावे २ मिमी. फोम ईव्हीएच हवा. चपला-बुटांना माल पुरवणाऱ्या दुकानात 'ईव्हीए शीट' म्हणून विचार. नाहीतर जिममध्ये एकमेकांत अडकवायच्या चटया असतात ना, त्याही चालतात, फक्त त्यांची खरखरीत बाजू आत ठेव. योगा मॅट नको, बहुतेक मऊ असतात. अंगठ्याचं नख दाबून बघ. खूण तशीच राहिली तर तो फोम घेऊ नकोस.

विंगेतला
मी कोल्हापुरात हौशी नाटकांची प्रॉपर्टी करतो. ढाली, चिलखतं, मुकुट बरेच केले आहेत. तुमच्या गेमचं मला काही कळत नाही, पण फोमचं कळतं.

कटरच्या पात्याचं बोथट टोक सतत मोडत राहा. दर पाच-सात कापांना नवी धार. बोथट पात्याने फोम फाटतो आणि मग कितीही घासलं तरी ती कड रंगाखाली दिसते. नाटकात प्रेक्षक पंचवीस फुटांवर असतो, तुमच्याकडे लोक खांद्याला खांदा लावून फोटो काढणार, तेव्हा जोड स्वच्छच हवेत.

चिकटवायला ग्लू गन वापरू नका, गाडीत उन्हात ठेवलं की जोड सुटतात. फेविकॉल एसआर ९९८ किंवा तशाच जातीचं रबर बेस घ्या. दोन्ही कडांना पातळ हात द्या, बोट लावल्यावर चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि सगळे घाई इथेच करतात. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून एका टोकापासून खुणेला खूण लावत जा.

याचा वास साधा नाही. काम गच्चीवर किंवा बाल्कनीत करा, जवळ गॅस, उदबत्ती, समई काही नको. कापडी मास्क आणि एन९५ या वाफेला थांबवत नाहीत. ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्क हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाच हजारांतले पहिले पैसे त्यावर खर्च करा, ताई. माझे सर या कामात आयुष्यभर खोकत राहिले.

निळीशाई
काका, मास्क आजच घेते. हीट गन लागेलच का? हेअर ड्रायरवर भागेल?

सुतारपक्षी
ड्रायर पुरत नाही, हीट गन हवीच. सुतारकाम करणाऱ्या कोणाची तरी चार दिवस मागून आण. तिची दोन कामं. पृष्ठभागावर फिरवलीस की फोमची छिद्रं मिटतात आणि हलकी चकाकी येते, त्यामुळे तो रंग कमी पितो. दुसरं, गरम फोम जिथे दाबशील तो आकार धरतो. खांद्याच्या वाटीसाठी स्टीलच्या पातेल्याचं बूड वापर. मांडीचं कवच स्वतःच्या मांडीवर वाकवायचं असेल तर जाड जीन्स घाल आणि फोम थोडा निवू दे.

एन७ वर ज्या कोरीव रेषा दिसतात त्या कापून आणायच्या. पात्याने निम्म्या जाडीपर्यंत चीर दे आणि वरून गरम हवा सोड, चीर आपोआप उघडते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत नुसत्या कतरणींवर चिरा मारत बसलो होतो.

बेलापूरची
घालून फिरण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मांड्यांची कवचं घसरतात. इलॅस्टिक कितीही घट्ट केलं तरी घसरतात, नुसते वळ उठतात. ती कमरेच्या पट्ट्याला वरून टांगायची. बॅगदुरुस्तीवाल्याकडे नायलॉनचा पट्टा आणि टिचकीची बकलं सुटी मिळतात. पट्टा फोमवर नुसता चिकटवला तर उपटून येतो, त्यावर फोमचा आणखी एक तुकडा चिकटवून तो मध्ये दाब. आत लवकर वाळणारा काळा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाल, फोममधून वारा अजिबात जात नाही. बकलं अशी लाव की पाच मिनिटांत एकटीने सगळं उतरवता येईल. का ते दुपारी कळेल! सोबत एक मैत्रीण आणि पाण्याची बाटली हवीच. बंदूक करणार असशील तर कॉनचे प्रॉप्सचे (हातातल्या नकली वस्तूंचे) नियम आधी वाच.

निळीशाई
तीन आठवड्यांनी परत आलेय. कार्डशीटचं आर्मर दोनदा केलं, आता बसता येतं. काल फोममध्ये पहिली हातकवचं कापली, जोड सुंदर आला आणि मग लक्षात आलं की दोन्ही डाव्या हाताचीच आहेत. पॅटर्न उलटवायचा राहिला. खूप वाईट वाटतंय.

विंगेतला
वाया काहीच गेलेलं नाही. प्रत्येक कागदावर 'डावा, ही बाजू वर' असं लिहून टाका. जास्तीचं कवच रंगाच्या चाचणीला ठेवा. रंगाआधी पांढरा फेविकॉल पाण्यात सैल करून चार-पाच हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. वर अॅक्रिलिक काळा. हातावरच्या लाल पट्ट्यासाठी आधी सगळी रुंदी पांढरी करा, कडांना मास्किंग टेप लावा आणि मधे लाल भरा. वाळलं की पन्नास वेळा वाकवा. तडे गेले तर थर जाड झाला होता, हात आणखी पातळ करून पुन्हा करा. छातीला रंग त्यानंतरच.

निळीशाई
आज तिसरा हात दिला. आईने कवच पंख्याखाली दोरीला टांगलंय. रविवारी वाकवून बघते आणि लिहिते.