क्लिप नुसती कापायचीय, क्वालिटी अजिबात न घालवता. कसं करता?

घरटं_बघणारा:
मंडळी मदत हवीय. मी पक्ष्यांच्या घरट्यासमोर ट्रायपॉडवर कॅमेरा लावून ठेवतो, फोरके, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), बिटरेट म्हणजे सेकंदाचा डेटा १०० एमबीपीएस. पक्षी कधी येईल सांगता येत नाही म्हणून रेकॉर्डिंग चालूच ठेवावं लागतं आणि मग २५ मिनिटांच्या शूटमधलं कामाचं निघतं जेमतेम ४० सेकंद. एवढं एक शूट साडेअठरा जीबीच्या वर जातं, हार्डडिस्क भरत आल्यात. आत्तापर्यंत एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकून, कापून, परत एक्सपोर्ट करायचो, बिटरेट १०० च ठेवायचो, वाटायचं बिटरेट तोच म्हणजे क्वालिटी पण तीच. काल ओरिजिनल आणि कापलेली शेजारी शेजारी लावून झूम केलं तर पिसांवरच्या बारीक रेषा पुसट झाल्यात, मागच्या धूसर हिरव्यात चौकोन चौकोन दिसतायत. आणि बऱ्याच ओरिजिनल मी आधीच उडवल्यात, फार वाईट वाटतंय. मला इफेक्ट नको, कलर नको, फक्त पुढचं मागचं उडवायचंय. त्यासाठी परत एन्कोड, म्हणजे नव्याने दाबून साठवणं, करावंच लागतं का?

टाइमलाइनवाली:
नाही करावं लागत. बिटरेट सेम ठेवला तरी सॉफ्टवेअर आधी तुमचं फुटेज उलगडतं आणि मग ते परत नव्याने दाबतं, म्हणजे कॅमेऱ्याने एकदा माहिती टाकून दिली, त्यात तुमच्या एक्सपोर्टने परत टाकली. आणि कॅमेरा १० बिट देत असेल आणि एक्सपोर्ट ८ बिटमध्ये झालं असेल तर प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्यांच्या २५६ झाल्या, आकाशात पट्टे दिसतात ते बऱ्याचदा त्यामुळे.

तुम्हाला हवं ते म्हणजे स्ट्रीम कॉपी. त्यात व्हिडिओ उलगडतच नाहीत, आहे तो डेटा जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतात. कमांड नको असेल तर लॉसलेसकट वापरा, फुकट आहे, सुरुवात शेवट मार्क करायचा आणि एक्सपोर्ट. ॲव्हिडेमक्सनेही होतं, तिथे व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही आउटपुट कॉपीवर ठेवा.

एक गोष्ट मात्र समजून घ्या नाहीतर वैतागाल. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, ती कीफ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या किंवा पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे सुरुवात कीफ्रेमवरच करता येते, मधूनच सुरू केलं तर बदल कशात करायचा ते चित्रच फाइलमध्ये नसतं. शेवटाला ही अडचण नाही, तिथे जवळपास कुठेही कापा. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये कीफ्रेम बहुतेक अर्ध्या-एक सेकंदाला असते त्यामुळे फार काही बिघडत नाही. पण एक्स२६४ या एन्कोडरने डीफॉल्ट सेटिंगवर बनवलेल्या फाइलमध्ये दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर असू शकतं, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ते १० सेकंद झाले.

घरटं_बघणारा:
खूप आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी एफएफएमपेगने (कमांड लिहून चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर) करून बघितलं कारण फाइली खूप आहेत आणि एकदम लावून देता येतील. दोनतीन सेकंदात झालं, विश्वासच बसेना. पण क्लिप सुरू झाली की पहिला जवळजवळ एक सेकंद नुसता आवाज येतो, चित्र काळं, मग अचानक दिसायला लागतं. पक्षी उतरतानाचा क्षण नेमका तिथेच आहे!

जुना_संकलक:
सुरुवातीची वेळ, म्हणजे ते हायफन एसएस, इनपुट फाइलच्या नावानंतर लिहिलंय का? तसं असेल तर कारण तेच. कॉपी करताना ते नंतर लिहिलं की तो तुमच्या वेळेपासून पुढची पहिली कीफ्रेम येईपर्यंत व्हिडिओ टाकून देतो, आवाज मात्र लगेच सुरू होतो. तेच हायफन आय च्या आधी लिहा, मग तो मागच्या कीफ्रेमवर जाऊन तिथून उचलतो. म्हणजे क्रम असा, हायफन एसएस आणि वेळ, मग हायफन आय आणि फाइल, मग हायफन टी आणि किती सेकंद हवेत ते, मग हायफन सी कॉपी.

माझी सवय अशी की हव्या त्या क्षणाच्या दोन सेकंद आधीची वेळ देतो. दोन सेकंद जास्तीचे राहिले तर काय बिघडतं, पुढे एडिटमध्ये जातातच, पण पक्षी परत उतरणार नाही.

अजून एक, हायफन मॅप शून्य नाही लिहिलं तर एफएफएमपेग एकच व्हिडिओ आणि एकच ऑडिओ ट्रॅक घेतो. दुसरा माइक वेगळ्या ट्रॅकवर असेल तर तो गेला, ॲक्शन कॅमेऱ्याचा जीपीएस डेटा असेल तर तोही गेला. आणि नव्या फाइलवर तारीख आजची पडते म्हणून शूटची तारीख नावातच घाला.

फ्रेम_मोजणारी:
मला वाटतं दोन सेकंद आधी हा उपाय सगळ्यांना चालणार नाही, कधीकधी अगदी त्याच फ्रेमवर कट हवा असतो. त्यासाठी स्मार्ट कट असतो, फक्त सुरुवातीचा कीफ्रेमपर्यंतचा तुकडा नव्याने एन्कोड करतात आणि उरलेलं कॉपी. लॉसलेसकटमध्ये आहे पण ते स्वतःच त्याला प्रायोगिक म्हणतात, आणि माझ्याकडे दोन वेळा सांध्यावर चित्र फाटलं, त्यामुळे प्रत्येक क्लिप पाहिल्याशिवाय मी सोडत नाही. घरट्याच्या फुटेजसाठी मीही साधी कॉपीच करीन. कॅमेऱ्यात ऑल इंट्रा मोड असेल तर हा प्रश्नच येत नाही, प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, पण फाइली अजून मोठ्या होतात, तासन्‌तास वाट बघणाऱ्याला ते परवडायचं नाही.

आणि प्लीज, ओरिजिनल उडवायच्या आधी खात्री करा. एफएफएमपेगमध्ये फ्रेमएमडी५ नावाचा आउटपुट आहे, प्रत्येक फ्रेमचा हॅश, म्हणजे तिच्या डेटावरून काढलेली ओळखखूण, लिहून देतो. ओरिजिनलचा तेवढा भाग आणि कापलेली क्लिप, दोन्हींवर चालवा, वेळेचा कॉलम वेगळा येईल पण हॅशचा जुळला पाहिजे. डोळ्यांनी बघून फरक नाही असं म्हणणं आणि हे यात फार अंतर आहे.

घरटं_बघणारा:
एसएस आधी लिहिलं, काळं गेलं, पक्षी उतरताना पहिल्यापासून दिसतोय. ४२ सेकंदांची क्लिप, ५२५ एमबीच्या आसपास. हॅश पण काढले, वेळ लागला पण मधले कुठलेही बघितले तरी जुळतायत. आता उरलेल्या सगळ्या फाइली याच पद्धतीने करतो, आणि दुसऱ्या डिस्कवर क्लिप उघडून बघेपर्यंत एकही ओरिजिनल उडवणार नाही.