अठरा वर्षांनंतर बौद्धिक दिव्यांग मुलांनी कोणत्या डॉक्टरांकडे जायचे? (नाशिक)

प्रश्न: जेलरोड_पालक

नमस्कार. माझा मुलगा नुकताच एकोणीस वर्षांचा झाला. त्याला मध्यम स्वरूपाचे बौद्धिक दिव्यांगत्व असून लहानपणापासून फिटचा त्रास आहे. सोडियम व्हॅल्प्रोएटमुळे फिट बऱ्याच आटोक्यात आहेत. तो मोजके शब्द बोलतो आणि आपले कुठे दुखते हे त्याला सांगता येत नाही. आजवर सर्दीतापापासून पोटदुखीपर्यंत सारे आमच्या बालरोगतज्ज्ञांनीच पाहिले. आता वय झाल्यामुळे मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा, असे त्यांनी सांगितले आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. अडचण अशी की मोठ्यांचे डॉक्टर म्हणजे नेमके कोण, हे कोणीच सांगत नाही. जवळच्या दवाखान्यात नेले तर फाईल उघडण्याआधीच ‘यांना न्यूरोकडे न्या’ असे उत्तर मिळते, आणि मेंदूविकारतज्ज्ञ साध्या खोकल्यासाठी पुन्हा जवळच्या दवाखान्यात पाठवतात.

गेल्या पावसाळ्यात तो उजव्या कानशिलावर स्वतःच्या मुठीने मारून घेऊ लागला. एका खासगी रुग्णालयात त्याचे तोंड, कान काहीही न तपासता ‘या मुलांमध्ये असे वागणे असतेच’ असे सांगून शांत राहण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा आणि जाग आली की पुन्हा मारून घ्यायचा. पुढे एका दंतवैद्यांनी धीराने तोंड उघडून पाहिले, तेव्हा अक्कलदाढ अर्धवट वर येऊन मागच्या हिरडीत पू झालेला दिसला. दाढ काढली आणि मारून घेणे थांबले.

आम्हा काही पालकांचा नाशिक रोड परिसरात एक छोटा गट आहे. महापालिकेच्या शहरी आरोग्य केंद्रातच या मुलांची नेहमीची तपासणी व्हावी, यासाठी निवेदन द्यायचे ठरते आहे. त्यात नेमके काय मागावे आणि कायद्याचा आधार कोणता द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: फॅमिली_डॉक्टर_इंदिरानगर

आपण वर्णन केलेला प्रकार आमच्या व्यवसायात अपवादात्मक नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. रुग्णाचे निदान आधीच माहीत असले की प्रत्येक नवी तक्रार त्याच निदानाच्या खात्यावर टाकली जाते. बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वागण्यात अचानक बदल झाला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो वेदनेमुळे झाला आहे असेच धरून चालावे. दात, कान, घसा, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, लघवीचा जंतुसंसर्ग, मुलींच्या बाबतीत मासिक पाळी, आणि कुणाच्या लक्षात न आलेले एखादे हाडाचे दुखणे, एवढे पाहून झाल्याशिवाय शांत करणाऱ्या गोळ्यांचा विचारही करू नये. या तपासणीला विशेषज्ञ लागत नाही; टॉर्च, हाताने पोट तपासणे आणि पंधरा-वीस मिनिटे लागतात. खरी टंचाई त्या मिनिटांची आहे. संध्याकाळी सात वाजता बाहेर तीस पेशंट बसलेले असताना कोणताही डॉक्टर ‘न्यूरोकडे न्या’ म्हणून मोकळा होतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की नवीन तज्ज्ञ शोधत फिरण्यापेक्षा घराजवळचा एकच डॉक्टर धरा, आणि मुलगा आजारी नसतानाही त्याला तिथे नेत जा. आधी फोन करून ओपीडीची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे गर्दी आणि गोंगाट दोन्ही टळतील. पहिल्या भेटीत काही तपासले नाही तरी चालेल. मुलाला खोलीची, वासाची आणि माणसाची ओळख होऊ द्या. मेंदूविकारतज्ज्ञांकडून फिटच्या औषधांचा लेखी आराखडा घ्या, म्हणजे जवळच्या डॉक्टरांना हात लावायला भीती वाटणार नाही. पाच मिनिटांहून जास्त फिट चालली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा कधी आणि किती वापरायचा, हे त्यात स्पष्ट असावे. १०८ ची रुग्णवाहिका कधी बोलवायची, तेही त्यातच लिहून घ्या.

वर्षातून एकदा पूर्ण तपासणी ठरवून करावी. व्हॅल्प्रोएट चालू असल्यास वजन, यकृताच्या चाचण्या आणि प्लेटलेट पाहाव्या लागतात; फेनिटॉइन चालू असलेल्यांच्या हिरड्या वाढतात, त्यामुळे त्यांना दंतवैद्याकडे नियमित नेणे आवश्यक असते. गटात डाऊन सिंड्रोमची मुले असतील तर त्यांची थायरॉइड चाचणी दरवर्षी व्हावी. त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो आणि चाळिशीतच अल्झायमरची लक्षणे दिसू शकतात. तेव्हा ‘आता हट्टी झाला आहे’ अशी समजूत करून घेण्याआधी विसरभोळेपणाची चौकशी करावी. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना घास गिळताना तो श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो. त्यांना आडवे ठेवून भरवू नये, इतकी साधी गोष्टही अनेक घरांत कुणी सांगितलेली नसते.

एक अवांतर सूचना: मुलीला व्हॅल्प्रोएट चालू असेल आणि ती वयात आली असेल, तर त्याविषयी तज्ज्ञांशी स्वतंत्रपणे बोलावे. हे औषध गर्भाला घातक आहे आणि दिव्यांग मुलीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचे डॉक्टर हमखास विसरतात.

उत्तर: पंचवटीची_एक_आई

कायद्याचा आधार आपल्याला सरळ मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये शासन आणि स्थानिक प्राधिकरण या दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. राहत्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अटीला धरून मोफत आरोग्यसेवा, सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश, आणि तपासणी व उपचारांत अग्रक्रम, या तीनही गोष्टी त्यात आहेत. महापालिका हे स्थानिक प्राधिकरणच असल्यामुळे निवेदनात हे कलम नावानिशी लिहा. केसपेपर काढतानाच अग्रक्रमाची नोंद व्हावी, ही मागणी बिनखर्चाची आहे, त्यामुळे ती आधी मान्य होईल.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चा उल्लेख मात्र टाळा. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळलेले आहे. आपल्या मुलांना सरसकट मानसोपचार विभागाकडे धाडणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही हे शांतपणे सांगता येते.

खर्चासाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना पाहावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात येणाऱ्या ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांना तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि आधीपासूनचे आजार वगळलेले नाहीत. बाजारातील विमा कंपन्या आपल्या मुलांचे अर्ज कसे परत पाठवतात हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. बाह्यरुग्ण तपासणी, थेरपी आणि दातांची प्रतिबंधक काळजीही तीत बसते. खर्च आधी आपण करायचा आणि नंतर परतावा मागायचा, अशी पद्धत असल्यामुळे प्रत्येक बिल आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी. हातावर पोट असलेल्या कुटुंबांना ही पद्धत परवडत नाही आणि अनेक घरे त्यामुळेच मागे राहतात, हेही खरे.

आपला मुलगा अठरा पूर्ण झाला आहे, म्हणून पालकत्वाचा विषय लांबवू नका. अठरापर्यंत आई-वडील नैसर्गिक पालक असतात. त्यानंतर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न ऐन वेळी उभा राहतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जन्माचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) हाताशी ठेवा. लहानपणी मिळालेले प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदतही पाहून घ्या.

पालकत्व मिळाले म्हणजे मुलाच्या शरीरावर वाटेल तो निर्णय घेण्याचा परवाना मिळाला, असे मात्र कोणी समजू नये. शिरूरच्या शासकीय संस्थेतील मुलींची गर्भाशये १९९४ साली पुण्यात काढली गेली, तेव्हा राज्यभर जे वादळ उठले ते माझ्या पिढीतील पालकांना आठवत असेल. आज २०१६ च्या कायद्याचे कलम १० आहे: मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. पाळीचा त्रास कसा सांभाळावा, हे शिकवणारी नर्स आरोग्य केंद्रात असणे ही म्हणूनच आपल्या निवेदनातील मागणी व्हायला हवी.

नाशिकला या कामाची परंपरा नाही असेही नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली येथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, तेव्हा अशा मुलांसाठी शाळा असते हेच अनेकांना ठाऊक नव्हते. शाळेच्या बाबतीत शहर पुढे गेले. दवाखान्याच्या बाबतीत तेवढे गेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: विशेष_शिक्षक_सातपूर

मला वेगळे वाटते. सर्वसाधारण आरोग्य केंद्रावर भार टाकण्याऐवजी जिल्हा रुग्णालयात प्रौढ दिव्यांगांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र ओपीडी मागावी. अठरापर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणी होते आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते, त्यामुळे किमान दार कुठे ठोठवायचे ते कळते. मोठ्यांसाठी तसेच एक दार हवे.

उत्तर: समुदाय_आरोग्य_अधिकारी_सुरगाणा

सरांच्या सूचनेबद्दल आदर राखून लिहितो. स्वतंत्र ओपीडी जरूर असावी, पण ती त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये असणार, आणि आमच्या पाड्यावरून बोरगाव, वणी, दिंडोरी करत तिथे पोहोचायला पूर्ण दिवस आणि एका माणसाची मजुरी जाते. एसटीत सवलत आहे, तरी गर्दीच्या गाडीत ताठरलेल्या हातापायांचा तरुण मुलगा मांडीवर घेऊन बसणे कोणत्याही आईला शक्य नाही. थंडीताप, जखम, रक्तदाब, फिटच्या गोळ्या या गोष्टी उपकेंद्रातच झाल्या पाहिजेत.

आमच्याकडचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे गोळ्या मध्येच बंद पडणे. द्राक्षांच्या हंगामात येथील कुटुंबे निफाड, दिंडोरीकडे मजुरीला जातात. बांधलेल्या सामानात चिठ्ठी सापडत नाही, नेलेल्या गोळ्या संपतात, तिकडच्या केंद्रात ओळख नसते, आणि फिटचे औषध अचानक थांबल्यामुळे पोर एकामागोमाग एक फिट येऊन अत्यवस्थ होते. आता आशाताई हंगामाआधी अशा घरांची यादी काढतात. औषधाचे नाव, मात्रा आणि फिट आल्यावर काय करायचे, एवढे एका जाड कागदावर मराठीत लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोळ्यांच्या डब्यातच ठेवायला देतो. मुक्काम जिथे असेल तिथल्या उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलणेही होऊ शकते.

तिशीनंतर सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासतो, पण या व्यक्तींची नावे त्या याद्यांतून गळतात, कारण ‘तो हात लावू देत नाही’ असे घरचेच सांगतात. आमच्याकडचा एक तरुण रक्तदाब मोजायचा पट्टा बघितला की पळून जायचा. मग पट्टा आधी त्याच्या आईच्या दंडावर गुंडाळला, हवा भरण्याचा फुगा त्याच्या हातात दिला आणि आईचा रक्तदाब त्यानेच ‘मोजला’. काही भेटींनंतर त्याने स्वतःची बाही वर केली. वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात या गोष्टीसाठी रकाना नाही, हा भाग वेगळा.

पैशांचा मुद्दा निघेल म्हणून लिहितो. ग्रामपंचायत असो वा महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस वस्तू वाटून संपवला जातो. त्यातून तपासणीच्या दिवशी घरापासून केंद्रापर्यंत वाहन मागा.

जेलरोड_पालक (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आता निवेदन असे आकार घेते आहे: प्रभागातील शहरी आरोग्य केंद्रात महिन्यातून एक सकाळ ठरवलेली वेळ, केसपेपरवर कलम २५ नुसार अग्रक्रमाची नोंद, वार्षिक तपासणीचा एक साधा नमुना, आणि केंद्रातील डॉक्टर व नर्स यांच्यासाठी पालकांसोबत एक प्रशिक्षण सत्र. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयच असल्याने प्रशिक्षणासाठी त्यांच्याकडेही पत्र देणार आहोत. सातपूरच्या सरांची जिल्हा रुग्णालयातील ओपीडीची मागणी वेगळ्या पत्रात, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे पाठवतो. दोन्ही कार्यालये वेगळी असल्यामुळे एकाच कागदात घातले तर ते दोन्हींकडून परत येईल. दातांचा प्रश्न राहतोच. भूल देऊन दातांचे उपचार करण्याची सोय पंचवटीतील दंत महाविद्यालयात दिव्यांगांना कोणत्या अटींवर मिळते, हे कोणी विचारून आले असल्यास लिहावे.

फॅमिली_डॉक्टर_इंदिरानगर

मागण्यांत एक भर घाला: खुर्चीसह वजन करता येईल असा काटा. फिटच्या औषधांची मात्रा ठरवताना वजन लागते. लहान मुलाला आई कडेवर घेऊन काट्यावर उभी राहते आणि आपले वजन वजा करते. तीस वर्षांच्या माणसाला कोण उचलणार? माझ्याच दवाखान्यात असा काटा नाही. आपल्या केंद्रात बसला तर माझे दोन पेशंट तिथे पाठवीन.