ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि फोन : तिन्हीकडे मेल सारखे कसे ठेवायचे?

खटपट्या
स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता आहे, होस्टिंगबरोबर मिळालेला १० जीबीचा मेलबॉक्स. ऑफिसात विंडोजवर थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम), घरी उबंटूवर थंडरबर्ड, शिवाय अँड्रॉइड फोन. तिन्हीकडे खातं पॉप३ ने (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत) जोडलेलं आहे. एकीकडे वाचलेला मेल दुसरीकडे न वाचलेला दिसतो. लॅपटॉपवरून दिलेलं उत्तर ऑफिसात सापडत नाही. आणि लॅपटॉप तीन आठवडे बंद राहिला की मधल्या काही दिवसांचे मेल त्यावर येतच नाहीत. ऑफिसच्या मशीनवर २०१४ पासूनचे साधारण ८ जीबी मेल आहेत, त्यांतला एकही जायला नको. आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडून पाहायची पद्धत) जायचं हे ठरलं आहे, पण थंडरबर्डमध्ये पॉपचं आयमॅप करायचं बटणच दिसत नाही. काय क्रमाने करावं?

कडुनिंब
तसं बटण नाहीच. आयमॅपचं नवं खातं जोडायचं आणि जुने मेल त्यात चढवायचे, हाच रस्ता. पण आधी मेल कुठे जातात ते बघा, नाहीतर बदल सुरू असतानाच आणखी जातील.

पॉपच्या खात्यात 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' च्या खाली '१४ दिवसांपर्यंत' अशी मर्यादा असते. ऑफिसच्या मशीनने मेल उतरवला की १४ दिवसांनी तेच मशीन तो सर्व्हरवरून पुसतं. लॅपटॉप २१ दिवसांनी उघडला तर पहिल्या आठवड्याचे मेल सर्व्हरवर उरलेलेच नसतात. वाचल्याची खूण सर्व्हरवर ठेवायची सोय पॉपमध्ये नाही, इनबॉक्सखेरीज दुसरा फोल्डरही नाही. काय उतरवून झालं याची यादी प्रत्येक मशीन स्वतःपुरती ठेवतं. म्हणून पॉपच्या सेटिंग कितीही फिरवल्या तरी तीन ठिकाणी मेळ बसणार नाही. आयमॅपमध्ये 'वाचलं', 'उत्तर दिलं', 'तारांकित', 'मसुदा' या खुणा आणि सगळे फोल्डर सर्व्हरवरच असतात.

पहिलं काम आजच करा. दोन्ही मशीनवर अकाउंट सेटिंग्ज → सर्व्हर सेटिंग्जमध्ये १४ दिवसांची खूण काढा, 'अनटिल आय डिलीट देम' ही काढा, आणि सुरू होताना व दर १० मिनिटांनी मेल तपासणं बंद करा. फोनवरचं पॉप खातं सरळ काढून टाका, पण फोनवरून पाठवलेलं काही महत्त्वाचं असेल तर आधी स्वतःलाच फॉरवर्ड करून घ्या.

मग बॅकअप. हेल्प → ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग असतात तो) उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. दोन्ही मशीनचा.

आता ८ जीबीकडे या. पुसलेले मेल फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत फाइलमध्ये पडून असतात, त्यामुळे आधी फाइल → कॉम्पॅक्ट फोल्डर्स करा आणि मग आकार पाहा. त्यानंतरही ८ च्या आसपास असेल तर १० जीबीच्या पेटीत सगळं कोंबू नका. मेलबॉक्स भरला की बाहेरून येणारे मेल परत जातात. शेवटची चार-पाच वर्षं सर्व्हरवर, त्याआधीचे 'लोकल फोल्डर्स' मध्ये, असं मी करेन.

नवं खातं हाताने भरा: येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस, जाणाऱ्यासाठी ४६५ वर एसएसएल/टीएलएस किंवा ५८७ वर स्टार्टटीएलएस. युजरनेम म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता. प्रमाणपत्र जुळत नाही अशी सूचना आली तर 'चालेल' म्हणून पुढे जाऊ नका. होस्टिंगवाल्याने दिलेलं सर्व्हरचं मूळ नाव घाला.

मेल चढवताना वर्षवार फोल्डर करा आणि एका वेळी ३००-५०० च निवडून 'कॉपी टू' वापरा. 'मूव्ह' नको. मध्येच जोडणी तुटली तर मूव्हमध्ये काय पोचलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर दोन्हीकडची संख्या ताडून पाहा. जे मेल अजून सर्व्हरवर आहेत ते नव्या खात्यात आपोआप दिसतील, ते पुन्हा चढवू नका, नाहीतर एकाच मेलच्या दोन-दोन प्रती होतील. लॅपटॉपवरून बहुतेक फक्त पाठवलेले मेल चढवावे लागतील, कारण ते दुसरीकडे कुठेच नाहीत.

सांजदिवा
कडुनिंब यांनी क्रम नेमका दिला आहे. त्यात एक भर, आणि ती आधी वाचा. आयमॅप खात्याच्या 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' पानावर दोन गोष्टी शेजारी आहेत. वरचं 'सिंक्रोनाइझ द मोस्ट रीसेंट ३० डेज' फक्त या मशीनवरची प्रत किती दिवसांची ठेवायची ते ठरवतं, ते निर्धोक आहे. त्याखालचं जुने मेल 'डिलीट' करायचं कलम मात्र सर्व्हरवरची मूळ प्रतही कायमची पुसतं. लॅपटॉपवर जागा वाचवायला म्हणून ते लावलं तर तिन्हीकडून मेल जातील. तिथे 'डोन्ट डिलीट एनी मेसेजेस' च राहू द्या.

पाठवलेले मेल हरवल्यासारखे वाटतात त्याचं नेहमीचं कारण फोल्डरचं नाव असतं. एक प्रोग्राम 'सेंट' वापरतो, दुसरा 'सेंट आयटम्स', तिसरा 'सेंट मेसेजेस'. सर्व्हरवर तिन्ही तयार होतात आणि उत्तरं विखुरतात. एकच ठरवा. थंडरबर्डमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' मध्ये तो निवडा, फोनवर खात्याच्या फोल्डर सेटिंगमध्ये तोच नेमा. ड्राफ्ट आणि ट्रॅशचंही तसंच. मग जादा फोल्डरमधले मेल हलवून ते रिकामे फोल्डर पुसा.

फोनवर थंडरबर्डच घ्या, म्हणजे पूर्वीचं के-९ मेल. ऑक्टोबर २०२४ पासून ते त्या नावानेही मिळतं. मेल आल्याबरोबर कळायला 'पुश' चालू करा. त्यामागे आयमॅपची 'आयडल' ही सोय आहे: जोडणी उघडी राहते आणि सर्व्हर स्वतः कळवतो. ती ३० मिनिटांत सर्व्हरकडून तुटू शकते म्हणून अ‍ॅपला अधूनमधून ती नव्याने धरावी लागते, आणि फोनच्या बॅटरी बचतीने अ‍ॅप झोपवलं की तेच होत नाही. त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची मर्यादा उठवा.

खटपट्या
सगळं चढवून झालं, संख्या जुळल्या. आता दोन प्रश्न उरलेत. फोनवर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात दिसतात, 'इनबॉक्स डॉट सेंट' असे. आणि नको असलेले १ जीबी मेल पुसले तरी वापरलेली जागा कमी झाली नाही. शिवाय घरी अधूनमधून 'टू मेनी कनेक्शन्स' येतं.

कडुनिंब
पहिलं: काही सर्व्हर सगळे फोल्डर इनबॉक्सखालीच ठेवतात. फोनच्या येणाऱ्या मेलच्या सेटिंगमध्ये आयमॅप नेमस्पेस (सर्व्हरवरच्या फोल्डरांच्या नावांची मांडणी) आपोआप ओळखण्याची खूण असते, ती लावा. जमलं नाही तर प्रीफिक्स म्हणून इनबॉक्स हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत भरा.

दुसरं: आयमॅपमध्ये पुसणं दोन पायऱ्यांत होतं. आधी मेलवर 'डिलीटेड' ची खूण पडते, 'एक्सपंज' झालं की तो खरा जातो. आणि ट्रॅशमध्ये हलवलेला मेल जागा खातोच. ट्रॅश रिकामा करा, इनबॉक्स कॉम्पॅक्ट करा, मग वेबमेलमध्ये जागा पाहा. असा कुठलाही संशय आला की वेबमेलच उघडावं. तिथे मेल असेल तर सर्व्हर ठीक आहे, शोध त्या एका मशीनवर घ्यायचा.

तिसरं: एक थंडरबर्ड मुळात ५ जोडण्या धरून ठेवतं. बऱ्याच होस्टिंगवर डव्हकॉट हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम असतो आणि त्यात एका खात्याला एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) मुळात १० चीच मुभा असते. घरी लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरून एकच आयपी. सर्व्हर सेटिंग्ज → अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ५ चे २ करा. फोनवर पुशही फक्त इनबॉक्सला ठेवा, कारण प्रत्येक पुश फोल्डर एक जोडणी अडवतो.

सांजदिवा
राहिलेल्या दोन गोष्टी. थंडरबर्डचे फिल्टर, म्हणजे मेल आपोआप फोल्डरांत लावायचे नियम, त्या त्या मशीनवर चालतात. ऑफिसचा पीसी बंद असेल तर फोनवर मेल न लावलेलेच दिसतात, आणि दोन्ही मशीनवर वेगळे नियम असतील तर एकच मेल इकडून तिकडे फिरतो. वेबमेलमध्ये 'फिल्टर्स' असेल तर नियम तिथे लिहा आणि थंडरबर्डचे काढा. पत्त्यांची वही आणि कॅलेंडर आयमॅपने येत नाहीत, त्यांना अनुक्रमे कार्डडॅव्ह आणि कॅलडॅव्ह या वेगळ्या पद्धती लागतात.

दुसरी अधिक महत्त्वाची. आता फोनवर चुकून पुसलेला मेल तिन्हीकडून जाणार, म्हणून सर्व्हरपासून तुटलेली एक प्रत हवीच. उबंटूवर आयसिंक हे पॅकेज टाका; त्यातलं एमबीसिंक मेल मेलडिर रूपात उतरवतं, प्रत्येक मेलची वेगळी फाइल. सेटिंगच्या फाइलमध्ये सिंक 'पुल', रिमूव्ह 'नन', एक्सपंज 'नन' ठेवा: नवं तेवढं खाली येईल, आणि सर्व्हरवर पुसलेलं इथे टिकेल. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवायची सोय) रोज रात्री चालवा. पहिल्या खेपेला सगळाच मेलबॉक्स उतरतो, तेव्हा तेवढी एक रात्र लॅपटॉप चार्जरवर आणि झोपेत जाणार नाही असा ठेवा. प्रत त्याच डिस्कवर नको, बाहेरच्या डिस्कवर.