कार्ड आलं म्हणून दवाखाने बंद करायचे?

घाटमाथा:
काल इथंच एकानं लिहिलं, "5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं कार्ड घरोघरी आलंय, आता प्राथमिक आरोग्य केंद्रांवर पैसा उधळू नका, टाळं लावा." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

या कार्डाच्या महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, मान्य. पण बीपीची रोजची गोळी कार्डावर मिळत नाही, ती मिळते उपकेंद्रात. ती चुकली की मग कार्ड घेऊन आयसीयूच्या दारात उभं राहायचं. आशाताई तिशीपुढच्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सरचा धोका तपासायची प्रश्नावली) घरोघरी फिरून भरतात. पुढं त्या फॉर्मचं काय होतं, कुणी विचारलंय?

नवी योजना नकोच. आहे तेच चालवा. आमच्या ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरीची (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पिशवी ओल लागून दगड झालीय आणि रजिस्टरात रोज "ओटी पॉझिटिव्ह", म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. नळाखाली बाटली धरून ओटीचे थेंब टाका, पाणी पिवळं होतंय का बघा. होत नाही! ग्राम आरोग्य समितीला वर्षाला 10,000 रुपये अबंधित निधी (गावानं गरजेप्रमाणे खर्चायचा) येतो, तो कशावर जातो हे ग्रामसभेत विचारायला कुणाला वेळ नाही. कावीळ आली की मात्र सगळे जिल्ह्याला पळणार.

हिशेबनीस:
तो 'एक' मीच. माझ्या आईच्या रात्री छातीत दुखलं तेव्हा केंद्राला कुलूप होतं. डॉक्टर तालुक्याला राहायचे. खासगीत नेलं, स्टेंट पडली, कार्डावर एक रुपया लागला नाही. तुमची टीसीएल त्या रात्री काय कामाची होती?

घाटमाथा:
आई बरी आहे हे वाचून बरं वाटलं. पण कुलूप होतं तर कुलूप काढायला सांगा ना! इमारतच पाडा म्हणताय तुम्ही. आणि स्टेंटनंतरच्या गोळ्या कुठून आणता? 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरही फुकट आहे.

हिशेबनीस:
मेडिकलमधून आणतो. केसपेपर फुकट आहे, औषध "बाहेरून आणा" आहे.

आडगावची:
दोघंही म्हाताऱ्यांच्या रोगांवरच भांडा. पोरांचं काय? पाच वर्षांखालची खुरटलेली (वयाच्या मानानं उंची कमी) मुलं राज्यात एनएफएचएस-4 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 34.4 टक्के होती, त्यापुढच्या एनएफएचएस-5 ला 35.2. शाळेत खिचडी शिजतेच, ताटं आहेत, स्वयंपाकीण आहे. नोव्हेंबर 2023 ला त्यात आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी 2025 ला त्याचा निधी काढून घेतला. तमिळनाडूत शाळेच्या रोजच्या जेवणात अंडं आहे.

सात्त्विक_पुणेरी:
बरं झालं काढला. आमच्या मुलीला अंडं खात नाही म्हणून वेगळ्या ओळीत बसवलं होतं. प्रथिनंच हवीत ना? मटकी द्या, शेंगदाणे द्या.

आडगावची:
न खाणाऱ्याला केळं द्यायचं हे त्याच आदेशात होतं. वेगळी ओळ काढली ती शाळेनं, अंड्यानं नव्हे. तुमच्या लेकीला घरी दूध-तूप आहे. माझ्या अंगणवाडीतली पोरं तीन पोळ्यांवर दिवस काढतात. अंड्यात भेसळ करता येत नाही, पातळही करता येत नाही, म्हणून मला ते हवंय. डाळीचं वरण मी रोज बघते, तळ दिसतो.

सात्त्विक_पुणेरी:
म्हणजे स्वयंपाकीण डाळ चोरते म्हणून आम्ही धर्म बुडवायचा?

आडगावची:
धर्म तुमचा, हाडं दुसऱ्याच्या पोरांची. आणि ती चोर नाही, डाळच पुरेशी येत नाही. तिला मानधन किती मिळतं ते विचारून या, मग चोर म्हणा.

हिशेबनीस:
वा! धागा आरोग्य केंद्रांचा, भांडण अंड्यावर. म्हणजे कार्डाचा मुद्दा सगळ्यांना मान्य झाला असं समजू?

घाटमाथा:
समजा खुशाल. कार्ड ठेवा. मोठ्या आजाराला ते लागतंच, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. टाळं लावू नका, एवढंच म्हणणं.

हिशेबनीस:
बरं, टाळं नको. निवासी डॉक्टर द्या, मग मी स्वतः हार घालायला येतो. तोवर कार्ड खिशात.

सात्त्विक_पुणेरी:
शेंगदाण्यांचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

आडगावची:
द्या की, कोण अडवतंय? सरकार म्हणतंय, अंडी हवी असतील तर लोकसहभागातून द्या. पाठवता वर्गणी?

सात्त्विक_पुणेरी:
केळी आणि शेंगदाण्यांसाठी पाठवतो. अंड्यांसाठी एक पै नाही.