डेस्कटॉपला ५१२ जीबीची डिस्क पुरेल का १ टीबीची घेऊ? फोटो-व्हिडिओचं काम आहे, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायच्या आधी सांगा

लालबाग_लेन्स

नमस्कार मंडळी, घरचा डेस्कटॉप आता बदलायचाच आहे, २०१४ चा असेंबल केलेला आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमचा प्रोसेसर काही विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. एका दुकानातून कोटेशन आणलंय, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी वेगवान चिपवाली डिस्क) आणि बाकीचं नेहमीचं. मी म्हटलं जागा कमी पडेल तर म्हणतो साहेब आजकाल हार्डडिस्क कोणी लावत नाही, जास्तीचं क्लाउडवर टाका.

घरात तिघं वापरणार. मी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मुंज, बारसं, साखरपुडा असे फोटो काढतो, आता लोक व्हिडिओ पण मागायला लागलेत. मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे. बायको सोसायटीचे हिशोब बघते. आणि मंडळाच्या २००३ ते २००९ च्या २२ मिनीडीव्ही कॅसेट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या टेप) माझ्याकडे सांभाळायला दिल्यात, त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत म्हणून ते काम मला मनापासून करायचंय.

सध्याची ५०० जीबीची डिस्क काठोकाठ भरलीये. खोली दहा बाय बारा, वायरी लोंबणारी बाहेरची खोकी नकोत, जे काय आहे ते कॅबिनेटच्या आत पाहिजे. किती घेऊ?

मुलुंड_सेंट्रल

माझ्या ऑफिसच्या मशीनला ५१२ च आहे, चार वर्षं झाली, एक्सेल, मेल, टॅली, झूम एवढंच चालतं आणि आज बघितलं तर १९० जीबी वापरलेत. उगाच मोठ्या डिस्कवर पैसे घालू नका, त्यापेक्षा रॅम ३२ करा. वहिनींच्या हिशोबाला तर २५६ पण डोक्यावरून पाणी.

बोरिवली_फास्ट

मुलुंडभाऊंचं त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे पण दादा तुमचं काम वेगळं आहे, दुसऱ्याच्या मापाचा शर्ट शिवू नका. आकडा दुकानदाराला विचारायचा नसतो, स्वतःच्या फोल्डरांना विचारायचा असतो. मी पण हौशी फोटोवाला आहे म्हणून हिशोब मांडून दाखवतो, तुमचे आकडे त्यात घाला.

२४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फोटो फाइल) साधारण २५ ते ३० एमबी. एका मुंजीला १२०० फोटो निघाले की ३४ जीबीच्या आसपास गेले. व्हिडिओ ४के मध्ये १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) काढत असाल तर आठ बिटांचा एक बाइट म्हणून भागिले ८ करा, सेकंदाला साडेबारा एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. म्हणजे फोटो आणि तासाभराचं फूटेज असं एक काम घरी आणलं की ८० जीबी! हे एकदा कागदावर लिहून बघा, मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बराच वेळ नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

आता ५१२ जीबीवाली एसएसडी. त्यातले ५१२ तुम्हाला दिसतच नाहीत, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे खिडकीत ४७६ दिसणार, १ टीबी घेतली तर ९३१. यात दुकानदाराची काही लबाडी नाही, मोजायची पद्धतच तशी आहे. त्यात एसएसडी गच्च भरली की मंदावते, १५-२० टक्के मोकळी ठेवायची सवय लावा, म्हणजे हातात उरले ३९० वगैरे. विंडोज, त्याचे अपडेट, एडिटिंगची सॉफ्टवेअरं, मुलीची डिप्लोमाची सॉफ्टवेअरं धरून १२० कुठेच गेले नाहीत. हातात एका वेळी तीन ऑर्डर असल्या की २४०. झाले ३६०. एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅशे (काम चालू असताना ते बनवतं त्या तात्पुरत्या फाइली) अजून मोजलाच नाहीये आणि तो व्हिडिओत बघता बघता पन्नास-साठ जीबी खातो. म्हणजे पहिल्याच लगीनसराईत लाल पट्टी.

क्लाउडचं पण सांगतो. माझ्या घरी अपलोड २० एमबीपीएस मिळतो, त्याला ८० जीबी चढवायला जवळजवळ ९ तास लागतात, मध्ये नेट गेलं तर त्याच्या वर. फुकटातले १५ जीबी तर तुमच्या अर्ध्या मुंजीला पण पुरायचे नाहीत. निवडक अल्बम ठेवायला क्लाउड उत्तम, कच्चा माल ठेवायला नाही.

माझं मत, १ टीबी एसएसडी कामासाठी आणि आत एक मोठी हार्डडिस्क साठवणीसाठी. कामाची जागा वेगळी, माळा वेगळा.

अंधेरी_गेमर

काका मुलगी गेम खेळत असेल तर ते पण धरा. रेड डेड रिडेम्पशन २ एकटाच १५० जीबी मागतो. मी ५१२ वर दोन मोठे गेम टाकले की तिसऱ्यासाठी पहिला उडवावा लागायचा आणि परत डाउनलोड करत बसायचं. १ टीबीच्या खाली बघूच नका.

माहीमची_ताई

दादा, जागेबद्दल वरच्यांनी सांगितलंय, मी एकच गोष्ट सांगायला आले कारण ती मला कोणी वेळेवर सांगितली नाही.

आमच्याकडे पण १ टीबीची हार्डडिस्क होती, तिचे सी आणि डी असे दोन भाग करून दिलेले. ज्यांनी मशीन बसवलं ते म्हणाले महत्त्वाचं सगळं डी ला ठेवा, सी उडाला तरी डी सेफ. मी ते अगदी श्रद्धेने पाळलं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी तीन दिवस बसून रेकॉर्ड केल्या होत्या, ती गाताना मधेच थांबायची, म्हणायची बाई गं हे सासूबाईंनी शिकवलेलं, आणि पुढची ओळ आठवेपर्यंत नुसता बांगड्यांचा आवाज. ते सगळं डी ला, "आजी" नावाच्या फोल्डरमध्ये. मूळ रेकॉर्डिंग फोनमधून पुसून टाकलं, कारण फोनची मेमरी भरली होती आणि डी सेफ होता ना.

जुलैत एका रात्री लाइट तीनचार वेळा गेली-आली. सकाळी मशीन चालू केलं तर आतून टक... टक... टक असा आवाज, आणि स्क्रीनवर काही नाही. सी आणि डी दोन्ही गेले, कारण ती एकच डिस्क होती, भिंत फक्त विंडोजने मधे उभी केलेली. रिकव्हरीवाल्याने महिनाभर ठेवून घेतली, सांगितलेल्या पैशाच्या दुप्पट घेतले आणि काही फोटो दिले, सगळ्यांची नावं गेलेली. ओव्या मिळाल्या नाहीत. आजी त्याच्या आधीच गेली होती.

म्हणून सांगते, आत दोन डिस्क लावा किंवा चार लावा, आतली जागा ही कामाची जागा आहे, राखण नव्हे. तुमच्या त्या २२ कॅसेटचं जे निघेल त्याची एक प्रत घराबाहेर पाहिजेच, मंडळाच्या कपाटात ठेवा, बहिणीकडे ठेवा, कुठेही. आणि यूपीएस (लाइट गेली तरी मशीन थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी) घ्या, जागेचे पैसे कमी करावे लागले तरी चालतील.

लालबाग_लेन्स

ताई, तुमचं वाचून रात्रभर चैन पडली नाही, माझं पण सगळं डी लाच आहे. सकाळी उठून पहिलं काम केलं, शेजाऱ्याची पोर्टेबल डिस्क मागून आणली आणि रॉ फाइली त्याच्यावर टाकायला लावल्यात, अजून चालूच आहे.

बोरिवलीकर, तुम्ही सांगितलं तसं फोल्डरांना विचारलं. रॉ फोटो ३१० जीबी, घरच्यांच्या फोनचे फोटो-व्हिडिओ ९० जीबी, म्हणजे जपायचं असं ४०० जीबी, बाकी विंडोज आणि किरकोळ. वर्षाला माझी १२ कामं होतात, त्यातली साधारण निम्मी व्हिडिओसकट. बारा चौतीसं ४०८, सहा पंचेचाळीसं २७०, म्हणजे वर्षाला ६८० जीबी वाढणार! आत्तापर्यंत ५०० मध्ये कसं भागलं म्हणाल तर मी आधी जेपेगवरच काढायचो आणि व्हिडिओ घेतच नव्हतो. मुलगी गेम खेळत नाही पण तिच्या कुठल्यातरी मोबाइल ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरनेच ३० जीबी घेतलेत.

कॅसेटचा हिशोब कसा लावायचा? आणि हार्डडिस्क २ टीबीची का ४ टीबीची?

ग्रँटरोड_ईस्ट

बारा वर्षं मशीनं जोडतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मिनीडीव्हीचं माप ठरलेलं असतं, तासाला साधारण १३ जीबी. २२ कॅसेट एकेक तासाच्या धरल्या तर २८६. तुमचे जुने ४०० आणि हे २८६ मिळून पावणेसातशे, वर चार वर्षांचे २७००, झाले ३४०० जीबी. २ टीबी दोन वर्षांतच भरेल, ४ टीबी घ्या. ती विंडोजला ३.६३ टीबी दिसेल म्हणजे चार वर्षं काठावर जातील, पण काम दिल्यावर डोळे मिटलेले, हललेले फोटो उडवायची शिस्त लावली तर आरामात निघतील. ८ टीबीच्या मागे आत्ताच लागू नका, तोपर्यंत कॅमेरा बदलेल, सगळाच हिशोब बदलेल, रिकाम्या जागेचे पैसे आज कशाला भरायचे. आता मोकळा साटा पोर्ट (हार्डडिस्क जोडायची जागा) असला म्हणजे झालं, उद्या दुसरी लावता येते.

आता बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड. कोटेशनमध्ये बोर्डाचं नाव काय आहे ते बघा. स्वस्तातल्या बोर्डवर बऱ्याचदा एनव्हीएमईचा एकच स्लॉट असतो, मग ५१२ भरली की ती काढून दुसरी लावा, विंडोज क्लोन करा (जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवा), हा ताप होतो. दोन स्लॉटवाला घ्या, फरक फार नसतो. काही बोर्डांवर दुसरा स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, बिल फाडायच्या आधी वाचा.

वेगाच्या मागे पण पळू नका. हार्डडिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी, साटा एसएसडी साडेपाचशे, जेन ३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३५०० पर्यंत, जेन ४ त्याच्या दुप्पट. कागदावर मोठं वाटतं पण तुमच्या फोटोच्या कामात जेन ३ आणि जेन ४ मध्ये हाताला फरक जाणवणार नाही, हार्डडिस्कवरून एसएसडीवर आल्यावर मात्र मशीन नवं झाल्यासारखं वाटेल. पैसे वेगावर न घालता जागेवर घाला. टीएलसी आहे का क्यूएलसी (चिपच्या एका कप्प्यात तीन बिट का चार) तेवढं विचारा, रोज मोठ्या फाइली लिहायच्या तर टीएलसी, क्यूएलसी लांबलचक कॉपीला मधेच दमते.

हार्डडिस्कमध्ये पण एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) आणि सीएमआर (पट्टे वेगळे ठेवणारी) असा प्रकार असतो, एसएमआर सलग खूप लिहायला लागली की रेंगाळते. तुम्ही नुसतं साठवणार असाल तर चालेल, तिच्यावरच एडिटिंग करणार असाल तर नको.

लॅमिंग्टन रोडला एक काळजी. हार्डडिस्क सीलबंद घ्या, सिरियल नंबर तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर टाका, वॉरंटी दाखवते का बघा. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते चालवा, त्यात पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण किती तास चालली) असतात, नव्या डिस्कला ते शून्याच्या जवळ पाहिजेत. हजारोत दिसले तर ती वापरलेली डिस्क आहे, दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन परत जा. आणि फुटपाथवर १६ टीबीची खिशात मावणारी एसएसडी स्वस्तात मिळते तिला हात लावू नका, आत ६४ जीबीचं कार्ड असतं, खोटा आकडा दाखवतं, कॉपी झाली असं म्हणतं आणि फाइली उघडतच नाहीत.

बोरिवली_फास्ट

ग्रँटरोडभाऊंशी सहमत. फक्त एक जोडतो, १ टीबी एसएसडीवर चालू काम, पैसे मिळाले आणि अल्बम दिला की ते फोल्डर ४ टीबीवर ढकलायचं, त्याच दिवशी. "रविवारी करू" म्हटलं की एसएसडी भरते आणि मग घाईत चुकीचं डिलीट होतं. आणि माहीमच्या ताईंचं बाहेरच्या प्रतीचं विसरू नका, ४ टीबीची एक पोर्टेबल, महिन्यातून एकदा लावायची, कॉपी झाली की काढून बहिणीकडे.

लालबाग_लेन्स

ठरलं मग. १ टीबी टीएलसी एनव्हीएमई, ४ टीबी हार्डडिस्क, दोन स्लॉटवाला बोर्ड, यूपीएस. रॅम १६ च राहू दे, नंतर वाढवता येते. बाहेरची पोर्टेबल दोन महिन्यांनी, तोपर्यंत मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांच्याकडची एक रिकामी डिस्क द्यायचं कबूल केलंय. जुना डेस्कटॉप एक्सचेंजमध्ये देतोय, काहीतरी सुटतील.

ग्रँटरोड_ईस्ट

थांबा, जुना देऊ नका! मिनीडीव्ही कॅसेट उतरवायला कॅमकॉर्डरपासून मशीनपर्यंत फायरवायर (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची केबल जोडणी) लागतं आणि नव्या बोर्डवर तो पोर्ट नसतो. जुन्या मशीनमध्ये फायरवायरचं साधं कार्ड बसवा, नेट काढून टाका म्हणजे सपोर्ट संपल्याची भीती नाही, आणि कॅसेटचं काम त्याच्यावरच उरका. कॅमकॉर्डर चालू अवस्थेतला आधी शोधा, आजकाल तोच मिळत नाही, मंडळाच्याच कुणाकडे तरी माळ्यावर असेल.

आणि हे पावसाळ्याच्या आधी करा. टेपला दमट हवेत बुरशी धरते. कॅसेट उघडून उजेडात धरा, टेपच्या कडेला पांढरट ठिपके दिसले तर ती लावू नका, कॅमकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब होऊन पुढच्या कॅसेटला पण लागेल, ती बाजूला ठेवून मला इथे सांगा.

लालबाग_लेन्स

आत्ताच डबा उघडून बघितला. १९ स्वच्छ आहेत, तिघींना कडेला पांढरं दिसतंय, त्यातली एक २००५ च्या विसर्जनाची आहे. फोटो काढून टाकतो, बघून सांगा भाऊ. जुना डेस्कटॉप देत नाही.