प्रश्न पगार किती याचा नसून तो कशाबद्दल दिला जातो याचा आहे

वेतन कामगिरीशी जोडले की कंपनी आपोआप सुधारते, हे मत मला अपुरे वाटते. कारण कामगिरी कशी मोजायची, हे ठरवतानाच खरी गोम असते. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात अधिकाधिक खाती मारण्याची उद्दिष्टे शाखांतील कर्मचाऱ्यांना दिलेली होती, आणि तोच आकडा गुंतवणूकदारांपुढे मिरवला जात असल्याने समभागांच्या रूपात मोबदला घेणाऱ्या वरिष्ठांचेही हित त्यात गुंतलेले होते. परिणामी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडली गेली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच काढून टाकल्याचे समोर आले. मुख्याधिकारी जॉन स्टम्फ यांना सुमारे ४.१ कोटी डॉलरचे समभाग सोडावे लागले, पण तेही बोभाटा झाल्यानंतर. (हा क्रम मला पुरेसा बोलका वाटतो.)

याउलट अमेरिकी मोटारनिर्माते हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये नफ्यातील वाट्यासह दिवसाची कमाई ५ डॉलरवर नेली, ती केवळ औदार्यापोटी नव्हे: आदल्या वर्षी कामगार सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर पोहोचले होते (म्हणजे एका जागेमागे वर्षात सरासरी तीन-चार जण सोडून जात), आणि सतत नवख्यांना शिकवत बसण्यापेक्षा जास्त मजुरी देणेच स्वस्त होते.